आज पाय वाजवायचे नाहीत

सभेचे अध्यक्ष, म्हणजे आपल्या क्लबचेही अध्यक्ष आणि आपल्यापैकी निम्म्यांचे मालक, श्रीयुत ॲक्रॉइडसाहेब, यंदाच दक्षिणेकडून आपल्याकडे आलेले आणि इथल्या पावसाला अजून सरावत असलेले आदरणीय पाद्रीसाहेब, डॉक्टर मिल्नर, ज्यांना आपण वर्षानुवर्षं कुंपणापलीकडून शिव्या घातल्या आणि आज मानाने पोर्क पाई वाढली, ते पंच श्रीयुत टेम्पेस्ट, क्रॉसडेनहून मुद्दाम आलेले आपले जुने वैरी जॅबेझ क्रो, आजचे सत्कारमूर्ती आणि माझा मित्र एनॉक ऑर्मरॉइड, त्याच्या शेजारी बसलेली त्याची बायको केझाया, आणि खुर्च्यांवर बसलेल्या, भिंतीला टेकलेल्या, जिन्यात अडकलेल्या माझ्या सगळ्या बेल्थवेटकरांनो,

भाषणाला हात घालण्याआधी एक विनंती आहे. आज टाळ्या हातांनी वाजवायच्या, पायांनी नाही. तुमच्यातले बरेच जण गिरणीचा भोंगा झाल्यावर थेट इथे आले आहेत. पायांत तेच लाकडी बूट आहेत, खाली नाल ठोकलेले, आणि या हॉलची जमीन लाकडाची आहे. अशा जमिनीवर आपले पाय आपल्याला विचारत नाहीत हे मला ठाऊक आहे. तरी आजच्या दिवस आवरा. कारण पुढे सांगणारच आहे. मागे रंगखात्याची मंडळी खिदळत बसली आहेत, त्यांनाही हे लागू आहे बरं का!

हो एनॉक, तुझ्याबद्दलच बोलतोय. बस तू. खुर्ची तुझीच आहे.

ती खुर्ची आपण सगळ्यांनी मिळून घेतली. चामड्याची, उंच पाठीची, हात टेकायला गुबगुबीत. आपल्या गावात निरोपाला घड्याळ देतात, कुणी चहाचा संच देतात. पण केझाया म्हणाली, "काही द्यायचंच असेल तर तो बसून राहील असं काहीतरी द्या." म्हणून खुर्ची. उद्या सकाळी रंगखात्याच्या गाडीतून ती त्यांच्या घरी पोचेल, चुलीशेजारी जागा करून ठेवली आहे.

माझी ओळख नव्या माणसांसाठी. मी लूथर बॅरक्लफ. एनॉक खेळत होता त्या सगळ्या काळात मी बेल्थवेटच्या रग्बी संघाचा कप्तान होतो, असं कागदोपत्री म्हणतात. एनॉक पुढच्या फळीत असताना कप्तान असणं म्हणजे उधळलेल्या घोडागाडीमागे धावत "जरा डावीकडे घे" असं ओरडणं. ओरडायचं काम मी इमानाने केलं. गाडी डावीकडे गेल्याचं मला आठवत नाही.

पाद्रीसाहेबांनी मघाशी मला फार सभ्यपणे विचारलं, की अहो, ह्या गृहस्थांचा शेवटचा सामना पंधरा साली झाला, आता बावीस साल आहे, मग निरोप आज कसा? प्रश्न रास्त आहे. पंधरा साली युद्ध होतं, समारंभ करायचं कुणाच्या मनात नव्हतं. हे एक कारण झालं. दुसरं कारण असं, की निरोप जाणाऱ्याला देतात, आणि एनॉक अजून गेलेला नाही. सात वर्षं तो दर शनिवारी खेळायला येतोय. गावाला हे माहीत आहे. मी आज ते मोठ्याने बोलतोय, तेही त्याच्यासमोर, आणि तुमच्यापैकी काही जण आता छताकडे बघायला लागलेत हे मला इथून दिसतंय. मलाही अवघड वाटतंय. पण असं बोलण्याची आज्ञा मला झालेली आहे. कुणाची, तेही सांगतो.

आधी जरा चांगल्या दिवसांकडे जाऊ या. चालेल ना?

एनॉक रंगखात्यात होता. निळीच्या हौदावर. कोपरापर्यंत हात निळे, कायमचे. ईस्टरच्या रविवारी चर्चमध्येसुद्धा निळे. तो ज्याला धरायचा त्याच्या कपड्यांवर पंजा उमटायचा, कारण शनिवारी दुपारी भोंगा झाला की हात पुसायलाही न थांबता तो मैदानावर यायचा. सामना संपल्यावर समोरच्या संघाकडे बघितलं की कळायचं, आज एनॉकने कुणाकुणाची गाठ घेतली. जॅबेझच्या पाठीवर तर इतके पंजे असायचे, की क्रॉसडेनमध्ये त्याची आई म्हणायची, "अरे, तू खेळायला जातोस की कुणाकडून रंगवून घ्यायला?" खरं की नाही, जॅबेझ? बघा, मान हलवतोय. क्रॉसडेनचे लोक एनॉकला 'निळ्या' म्हणायचे. आधी शिवी म्हणून म्हणायचे, मग जरा जपून म्हणायला लागले.

स्क्रम म्हणजे काय ते पाद्रीसाहेबांना सांगितलं पाहिजे. सहा आमचे, सहा त्यांचे, माना एकमेकांत अडकवून बैलांसारखे रेटतात. पुढच्या फळीत मधोमध जो उभा असतो त्याचे दोन्ही हात दोन बाजूंच्या गड्यांच्या खांद्यांवर असतात. म्हणजे त्याचे हात गेले. उरलं काय? डोकं. समोरचा धडकतो तो त्या डोक्याला. एनॉक तिथे होता. एका बाजूला सॅम लम, दुसऱ्या बाजूला हर्बर्ट. सॅम फ्रान्सच्या मातीत आहे आणि हर्बर्ट ऑस्ट्रेलियात मेंढ्या राखतो. एनॉकच्या दोन्ही बाजू आता मोकळ्या आहेत.

आणखी एक गोष्ट. आपल्या खेळात बदली गडी नसतो. तेरा उतरतात. एक जखमी होऊन बाहेर गेला तर बाराच उरतात, शेवटपर्यंत. त्यामुळे आपल्याकडे कुणी बाहेर जात नाही. हाड मोडलं तरी विंगला, म्हणजे मैदानाच्या कडेला, जाऊन उभा राहतो, निदान समोरच्याला वळसा घालावा लागावा म्हणून. आणि बाहेर गेलेल्याचं सोमवारी गिरणीत काय होतं ते इथे कुणाला सांगायला हवं? साच्यावरच्या बायकासुद्धा विचारतात, "काय रे, शनिवारी झोप झाली का छान?"

हं. आता क्रॉसडेनशी झालेला तो चषकाचा सामना. नऊ सालचा.

चिखल असा होता की चेंडू कुठला आणि माणूस कुठला ते कळेना. अर्धा सामना झाला होता, आम्ही किंचित पुढे होतो. एक स्क्रम कोसळला. सगळे उठले, एनॉक उठला नाही. आमच्या गड्याने बादली आणली, स्पंज पिळला, शुद्धीवर आणायची उग्र वासाची कुपी नाकाशी धरली. डोळे उघडे होते, पण डोळ्यांत कुणी नव्हतं. आम्ही त्याला उचलून कडेला ठेवला. मी ठरवलं, चला, बारा तर बारा.

आणि तेवढ्यात पाय सुरू झाले. तुमचे पाय. तुम्ही नसाल तर तुमच्या बापाचे. प्रेक्षकांनी उभं राहायच्या लाकडी फळ्यांवर नाल ठोकलेले बूट, आधी हळू, मग सगळे एका तालात, मग अख्खं मैदान. हे काय पहिल्यांदा होत नव्हतं. एनॉक पडला की गाव पाय वाजवायचं, आणि पाय वाजले की एनॉक उठायचा. ती आपली रीत होती. बाहेरगावचे लोक खास ते ऐकायला यायचे. सांगतो तुम्हाला, त्या आवाजात मेलेला माणूसही उठून बूट शोधायला लागला असता.

एनॉक उठला. मी धावत गेलो. म्हटलं, "बाहेर बस. मी कप्तान आहे, मी सांगतोय."

तो म्हणाला, "आणि बारा जण काय करणार? पत्ते खेळणार?"

"एनॉक, तुझे डोळे ठिकाणावर नाहीत."

"मग तू तुझे वापर. सरक."

सरकलो. काय करणार? त्याला धरून ठेवायला तीन माणसं लागली असती, आणि मग आम्ही नऊ उरलो असतो. तो आत आला आणि पहिल्याच फटक्यात त्याने मला, स्वतःच्या कप्तानाला, चिखलात आडवा केला. मी खालून ओरडतोय, "अरे गाढवा, मी लूथर!" आणि तो म्हणतोय, "क्रॉसडेनचे सगळे असंच सांगतात." मैदान हसून लोटपोट. मग शेवटच्या क्षणी हाच जॅबेझ गोलरेषेवर पोचत होता, तर एनॉकने त्याला मागून असा धरला की दोघं मिळून चेंडूसकट कुंपणाबाहेर. जिंकलो आपण.

अंघोळीच्या हौदात आम्ही सगळे गाणी म्हणत होतो. एनॉक साबण हातात धरून बसला होता. मला म्हणाला, "लूथर, सामना किती वाजता सुरू व्हायचाय?"

आम्ही इतके हसलो, इतके हसलो की हौदातलं पाणी बाहेर आलं. ही गोष्ट त्या रात्री गावातल्या प्रत्येक दारूच्या गुत्त्यात सांगितली गेली. आजही सांगतात. मघाशी हसलात ना, ते तीच गोष्ट आठवून हसलात. जॅबेझही हसला होता त्या वेळी.

आज हसू येत नाही. एनॉक तोच प्रश्न आता रोज विचारतो.

नाही रे, सामना अजून सुरू नाही झाला. खा तू. पाई खा, मोहरी घे वर.

युद्धानंतर ते हळूहळू कळत गेलं. आधी नावं जायला लागली, मग वाटा. रंगखात्यात त्याने निळीच्या जागी किरमिजी घातला, साहेबांनी तेव्हा मोठ्या मनाने त्याला झाडलोटीवर ठेवलं, मग तेही जमेना. सगळं गेलं, शनिवार तेवढा राहिला. केझाया सांगते, शुक्रवारी संध्याकाळपासूनच तो दाराशी येरझाऱ्या घालतो. ती बूट लपवते. चुलीमागे लपवले, कपडे उकळायच्या हंड्यात लपवले, शेवटी कोळशाच्या खोलीत पुरले. त्याने सगळा कोळसा अंगणात काढला आणि बूट घेऊन हसत आत आला. तिला म्हणाला, "बघ, कुणीतरी माझी चेष्टा केली होती."

आम्ही क्लबवाल्यांनी काय केलं? त्याला आत येऊ दिलं. दाराशी उभा राहायचा, कपडे बदलायच्या खोलीबाहेर, प्रत्येकाला विचारायचा, "आज मी कुठे?" नवी पोरं चांगली आहेत. म्हणायची, "आज तुम्ही राखीव, काका." आपल्या खेळात राखीव नसतो हे त्यालाही माहीत आहे. तो हसायचा, आणि कुंपणाशी जाऊन उभा राहायचा. वाटलं, हे असंच चालेल. कुणाचं काय बिघडतंय?

मग मागचा महिना. पुन्हा क्रॉसडेन. आमचा एक गडी डोक्याला लागून पडला, आणि तुम्ही पाय वाजवायला लागलात. त्याच्यासाठी वाजवत होतात, मला माहीत आहे. पण कुंपणाशी दुसरा एक माणूस उभा होता ना! ओव्हरकोट, मफलर, डोक्यावर टोपी, अशा अवतारात एनॉक कुंपण ओलांडून आत गेला. त्यांचा विंगर पूर्ण वेगात येत होता. खांदा खाली, हात गुडघ्यांच्या मागे, अगदी पुस्तकात काढावं तसं त्याने त्याला धरलं. असा टॅकल मी दहा वर्षांत पाहिला नव्हता. आणि मंडळी, आपण ओरडलो. टोप्या उडवल्या. ते पोर खांद्याचं हाड मोडून खाली कळवळत होतं, आणि आपण एनॉकचं नाव घेत होतो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर मिल्नर केझायाकडे गेले. डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांनी बसून, चहा घेऊन, नीट समजावलं. आता आणखी एकदा जरी तो मैदानात शिरला, तरी त्याला घरी ठेवता येणार नाही. टेकडीवरच्या इस्पितळात पाठवावं लागेल. ते इस्पितळ आपल्याला सगळ्यांना घराच्या खिडकीतून दिसतं. तिथे वर गेलेला माणूस खाली आलेला मी तरी बघितलेला नाही. केझायाने विचारलं, "आणि कुलूप लावलं तर?" डॉक्टर म्हणाले, "तुम्ही दिवसभर साच्यावर असता. कुलूप लावलेल्या घरात चूल आणि तो एकटा, हे तुम्हाला चालेल का?"

आज शुक्रवार आहे. उद्या आपल्याच मैदानावर सामना आहे.

ती माझ्याकडे आली. माझ्या स्वयंपाकघरात उभी राहिली, शालही काढली नाही. म्हणाली, "लूथर, त्याला सांग की संपलं."

म्हटलं, "केझाया, माझं त्याने कधी ऐकलंय?"

"घरात सांगून उपयोग नाही. मी रोज सांगते, तो रोज विसरतो. चारचौघांत सांग. सगळं गाव जमव, भाषण कर, भेट द्या. निरोप मिळाला की माणसाला कळतं. माझ्या बापाला गिरणीने निरोप दिला तर दुसऱ्या दिवशी तो भोंग्याला उठलासुद्धा नाही."

"आणि नाही कळलं तर?"

मग म्हणाली, "तो तुझं नाही ऐकायचा. पण टेम्पेस्टचं ऐकायचा."

आणि हे शंभर टक्के खरं आहे. एनॉकने आयुष्यात पंचाशी वाद घातला नाही. शिट्टी वाजली की तो जिथे असेल तिथे थांबायचा, समोरच्याची मान काखेत असली तरी सोडून द्यायचा. शेवटची लांब शिट्टी झाली की त्याचा ठरलेला क्रम. आधी समोरच्या संघातल्या आपल्या जोडीदाराचा हात हातात घ्यायचा, "बरा खेळलास" म्हणायचं, मग फाटकाशी उभ्या असलेल्या केझायाकडे जायचं, आणि तिला विचारायचं, "चहा टाकलास का?" ती फाटकावर उभी, चहा घरी कसा टाकणार? पण विचारायचा.

म्हणून टेम्पेस्टसाहेब आज इथे आहेत. म्हणून जॅबेझ इथे आहे. पंधरा सालच्या त्या शेवटच्या सामन्यात पावसाचा जोर इतका होता, पाय इतके वाजत होते, की साहेबांची शिट्टी कुणालाच नीट ऐकू आली नव्हती. खेळाडू नुसते पांगले. केझाया म्हणते, एनॉकने ती ऐकलीच नाही, आणि तेव्हापासून तो खेळतोच आहे. डॉक्टर म्हणतील असं काही नसतं. नसेल. पण तुमच्याकडे तरी दुसरा काय उपाय आहे, डॉक्टरसाहेब?

एनॉक, इकडे बघ. मी लूथर. तुझा कप्तान. तू आमच्यासाठी सोळा वर्षं खेळलास. तुझ्याइतका चांगला गडी या गावाने पाहिला नाही, आणि मी हे तुला खुश करायला बोलत नाही, तुझ्या हातून मी चिखल खाल्लाय. आता ऐक. सामना संपत आलाय. आपण जिंकलोय. टेम्पेस्टसाहेब, उठता का जरा? मंडळी, कृपा करून शांत राहा. अगदी शांत. हं, साहेब, वाजवा शिट्टी.

बघा. थांबला तो. हातातली पाई ताटलीत ठेवली. नीट ठेवली. उठतोय. जॅबेझ, हात पुढे कर, तू हात पुढे कर... ऐकलंत? "बरा खेळलास, जॅबेझ." नाव घेतलं त्याने! गेल्या वर्षभरात त्याने माझंसुद्धा नाव आपणहून घेतलं नाही हो! आता केझायाकडे निघालाय. बाई, तू बसून राहा, तो येतोय. काय म्हणाला? नाही, नाही सांगितलंस तरी चालेल, तुझ्या तोंडावरून कळलं. चहाचं विचारलं.

बसला. खुर्चीत बसला तो, मागे टेकून, पाय लांब करून. त्याला असं टेकून बसलेलं मी शेवटचं कधी पाहिलं? मंडळी, माझ्या डोळ्यांत पाणी आलंय आणि मी ते लपवत नाही. संपला सामना. एनॉक, संपला बरं का. दमलास ना? असं म्हणतोय बघा, "दमलो." ऐका सगळे, एनॉक ऑर्मरॉइड दमलोय म्हणाला!

टेम्पेस्टसाहेब, आम्ही तुम्हाला आंधळे म्हटलं, बहिरे म्हटलं, तुमच्या आईबद्दलही काही काही म्हटलं. ते सगळं आज मागे घेतो. आजच्यासारखी शिट्टी तुम्ही कधीच मारली नव्हती. माझी सगळ्यांना विनंती आहे, की साहेबांसाठी आणि आपल्या एनॉकसाठी एकदा मनापासून टाळ्या...

हातांनी. हो, अशाच. वा! होऊ द्या जोरात!

हातांनी, मंडळी. मागे कोण ते? नको. अहो नको, पाय नकोत! हातांनी म्हटलं ना मी! थांबा! सगळ्यांनी थांबा! ॲक्रॉइडसाहेब, तुम्ही थांबवा त्यांना... साहेब, तुमचाही पाय... देवा रे, माझाही. माझाच पाय वाजतोय.

थांबा. थांबा. थांबा.

उठला तो.

एनॉक, बस. शिट्टी झाली ना रे मघाशी? टेम्पेस्टसाहेब, पुन्हा वाजवा. वाजवा ना! पुन्हा. नाही... ऐकत नाही. कोट काढला. घडी घालून खुर्चीवर ठेवला. मला विचारतोय, "किती वेळ उरलाय, लूथर?"

थोडाच रे. थोडाच उरलाय.

आता कुणी हलू नका. कुणावर रागावूही नका, मागच्यांकडे वळून बघू नका. त्यांनी प्रेमाने केलं. आपण सगळ्यांनी नेहमीच प्रेमाने केलं, आणि त्याला दुसरा कुठलाही आवाज आता ऐकू येत नाही. मी काय करू? माझ्याकडे पुढचं भाषण लिहिलेलं आहे, त्यात त्याच्या ट्रायांची, गोलरेषेपलीकडे टेकवलेल्या एकेका चेंडूची हकीगत आहे, ती मला वाचवत नाही.

तो वाकून उभा आहे. तुम्हाला मागे दिसत नसेल म्हणून सांगतो. दोन्ही हात दोन बाजूंना पसरलेत. सॅम आणि हर्बर्टची वाट बघतोय. मी हाफबॅक, स्क्रमच्या मागे उभा राहणारा, माझी त्या जागी कधी गरज नव्हती, पण जाऊ का मी, केझाया? नको म्हणतेस. ती स्वतः गेली. त्याच्या डाव्या हाताखाली शिरली. त्याने खांद्यावर हात टाकलाय तिच्या, घट्ट. उजवा हात अजून मोकळा आहे... जॅबेझ. जॅबेझ क्रो गेला. आयुष्यभर ज्याच्या डोक्याला डोकं लावलं, तो आज त्याच्या बाजूने उभा आहे. निळ्याचा पंजा त्याच्या पाठीवर आहे.

त्यांना असंच घरी जाऊ द्या. जिना अरुंद आहे, जिन्यातल्यांनी वाट करा. सावकाश, जॅबेझ. पहिली पायरी उंच आहे.

डॉक्टरसाहेब, तुम्ही मान खाली घातलीत. मला कळलं. तुम्ही काही बोलू नका आता. सोमवारी बोलू. उद्याचा दिवस जाऊ द्या, एवढंच मागतो, आणि तेही तुमच्या हातात नाही हे मला माहीत आहे.

गेले ते. खालचं दार वाजलं.

मला सभा रीतसर संपवायला हवी. अध्यक्षांनी वेळ दिला, हॉलही दिला, त्यांचे आभार. पाद्रीसाहेब, आमचा खेळ तुम्हाला आज कळला की नाही कोण जाणे, आम्हालाही आत्ताच थोडासा कळतोय. टेम्पेस्टसाहेब, तुमची शिट्टी बरोबरच होती. ज्या बायांनी सकाळपासून हॅम कापलं, पाव लावले, चहाची भांडी वर चढवली, त्यांचे आभार. बरंच उरलंय, घेऊन जा, टाकू नका. त्याच्या ताटलीतली ती पाई मात्र तशीच असू द्या, मी नेऊन देतो. खुर्ची उद्या सकाळी त्यांच्या घरी पोचवायचं ठरलं होतं. ती सध्या इथेच राहू द्या. कुठे पोचवायची ते मी गाडीवाल्याला नंतर सांगेन.

बोलण्यात माझं बरंच चुकलं. जे बोलायचं नव्हतं ते बोललो, आणि जे सांगायला उभा राहिलो ते त्याच्यापर्यंत पोचलं नाही. तुम्ही सांभाळून घ्या.

शेवटचं एक. रस्ता अजून त्यांच्या पायांखाली आहे, फार लांब गेलेले नसतील, आणि आपला जिना लाकडी आहे. तेव्हा आता सगळ्यांनी, पहिल्या रांगेपासून, खाली वाका आणि बूट काढा. हातात घ्या. साहेब, तुम्हीसुद्धा. असेच अनवाणी उतरा, आणि फरसबंदीवरूनही तसेच घरी जा. पाऊस आहे, मोजे भिजतील. भिजू द्या.